उजव्या कानाची खूण

"अठ्ठेचाळीस," किदिरमिश फोनमध्ये म्हणाला, आणि पलीकडून अनारकुलबाईंनी "लिहिलं" म्हणायच्या आत फोन मेला.

मेला तेव्हा पडद्यावर बॅटरीच्या चारही काड्या भरलेल्या होत्या. इतक्या ठणठणीत तब्येतीत मेलेला किदिरमिशच्या माहितीत एकच होता, त्याचा मोठा चुलता, आणि तो निदान घोड्यावरून तरी पडला होता. फोन कुठूनही पडला नव्हता. नदीवरच्या फळीवर उभ्या असलेल्या किदिरमिशच्या कानाला तो चिकटून होता.

त्याने फोन कोटाच्या आत डाव्या काखेत धरला आणि शंभरपर्यंत आकडे मोजले. मग चालू केला. चार काड्या. कचेरीचा नंबर लावला, एकदा घंटी वाजली, आणि फोन पुन्हा देवाघरी गेला. तोवर आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. आठ-दहानंतर कचेरी आकडा घेत नसे. या महिन्यातला हा सहावा दिवस बुडाला.

किदिरमिश एकतीस वर्षं नदी मोजत होता. काठाशी पाण्यात एक लोखंडी पट्टी रोवलेली होती, तिच्यावर आकडे. रोज सकाळी आठला पाणी कुठवर आलंय ते बघायचं आणि शहरातल्या पाणी कचेरीला कळवायचं, काम एवढंच. पूर्वी तारेचा टेलिफोन होता. तांब्याच्या मोहाने कोणीतरी सगळी तारच गुंडाळून नेली, तेव्हापासून मोबाइल. तिकडे अनारकुलबाई आकडा ऐकायच्या, "लिहिलं" म्हणायच्या आणि फोन ठेवायच्या. एकतीस वर्षांत दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं, त्यामुळे दोघांचं उत्तम पटत असे.

उन्हाळ्यात कचेरीचं पत्र आलं होतं. ज्या ठाण्यावरून एका महिन्यात नऊ दिवस आकडा येणार नाही, तिथे आपोआप मोजणारं यंत्र बसवण्यात येईल आणि मोजणाऱ्यास विश्रांती देण्यात येईल. हे पत्र साइराकानने, म्हणजे किदिरमिशच्या बायकोने, मोठ्याने वाचलं होतं. 'विश्रांती'पाशी थांबून तिने नवऱ्याकडे बघितलं होतं.

"काय हो, फळीवर उभं राहून दमलो असं कळवलंत की काय त्यांना?"

आज तो घरात शिरला तेव्हा ती पीठ मळत होती.

"गेला?"

"गेला."

"आणा इकडे." तिने पिठाच्या हातानेच फोनचं झाकण काढलं आणि बॅटरी बाहेर घेतली. बॅटरी खोबणीत डुगडुगू नये म्हणून चहाच्या पुड्याचा घडी घातलेला पुठ्ठा शेजारी कोंबलेला होता, तोही पडला. तिने बॅटरीवरच्या कागदाचा कोपरा नखाने उचलला. खाली दुसरा कागद होता, त्यावर दुसऱ्याच कंपनीचं नाव. "बघा. परवाच सांगत होते. आपल्या मेंढीचं कातडं दुसऱ्याच्या मेंढीला पांघरलंय. ही बॅटरी या फोनची नाहीच मुळी."

"तोलोमुशने दिलीय," किदिरमिश म्हणाला. तोलोमुश हीच एक कंपनी असल्यासारखं म्हणाला.

"तेच तर म्हणतेय."

"थंडीने होतं गं. अस्सल वस्तू जरा नाजूकच असते."

"मग तुमच्या आई अगदीच नकली म्हणायच्या. नव्वदीपर्यंत बर्फात गुरं काढली त्यांनी."

यावर किदिरमिशने पुठ्ठ्याची घडी पुन्हा नीट केली आणि बॅटरी जागच्या जागी बसवली.

तोलोमुशबद्दल घरात कोणी काही बोलायचं नाही, असा नियम होता. तोलोमुश त्याचा आखिरतचा दोस्त. साधे दोस्त या जगापुरते असतात, आणि तिथेही लग्नं झाली की पातळ होतात. आखिरतचा दोस्त मेल्यानंतरही असतो. दोघं सतरा वर्षांचे असताना तीन म्हाताऱ्यांसमोर एकच रोटी दोन बाजूंनी चावून त्यांनी शपथ घेतली होती, की शेवटच्या निवाड्याच्या दिवशी आपण एकमेकांच्या बाजूने साक्ष देऊ. अशा दोस्ताने काही मागितलं तर नाही म्हणता येत नाही. तोलोमुशने एकदा खोगीर मागितलं होतं. किदिरमिशने घोड्यावरून उतरून दिलं आणि तो अकरा मैल उघड्या पाठीवर घरी आला. पुढचा आठवडाभर तो उभ्यानेच जेवला, पण कारण कोणाला सांगितलं नाही.

पुढे तोलोमुश कोचकोरच्या बाजारात मोबाइल दुरुस्तीची टपरी टाकून बसला. सात वर्षांपूर्वी त्यानेच एका दिवशी, एका दुकानातून दोघांसाठी दोन सारखे फोन आणले. जाड कळांचे, एकाच कंपनीचे, जुळ्या कोकरांसारखे. किदिरमिशला तेच हवे होते. नव्या सपाट फोनना त्याची बोटं कळत नसत. एकतीस वर्षं थंड पाणी आणि दोर यांनी बोटांचे ठसे पुसून नेले होते. पडद्यावर बोट ठेवलं तर फोन शांतपणे कोणीतरी येण्याची वाट बघत राही.

या जाड फोनला तो जपत असे. सकाळी आकडा सांगितला की बंद. दिवसातून एक मिनिट जगायचं आणि बाकीचं झोपायचं, अशा आयुष्यामुळे सात वर्षांनीही त्याची बॅटरी तरुण राहिली होती.

सप्टेंबरात पाचाची कळ अडकायला लागली, म्हणून तो बाजाराला गेला होता. लोण्याने भरलेलं मेंढीचं पोट भेट म्हणून नेलं होतं. तोलोमुशने फोन उघडला, पाचाची कळ साफ केली आणि मग बॅटरी दोन बोटांत धरून वैद्यासारखी मान हलवली.

"हिचं काही खरं नाही रे."

"महिना-महिना चालते की."

"तेच लक्षण आहे. जाताना असं तेज येतं." मग त्याने खणातून दुसरी काढली. "ही घे. अस्सल. शेवटची होती, तुझ्यासाठी ठेवली होती. जुनी राहू दे इथेच, मी तिची नीट विल्हेवाट लावतो. घरात ठेवलीस तर पेट घेईल."

किदिरमिशने ती दोन्ही हातांनी घेतली होती. लोणी फार कमी नेलं असं त्याला वाटलं होतं.

जुन्या बॅटरीवर त्याची खूण होती, नवीवर अजून नव्हती. किदिरमिशच्या घराण्यात मेंढरांच्या उजव्या कानाचं टोक सरळ कापतात आणि मागच्या कडेला एक खाच घेतात. मेंढरं त्याच्या वाट्याला फारशी आली नाहीत, पण खूण आली, आणि ती कुठेतरी करायला हवी म्हणून तो सगळ्या वस्तूंवर करत असे. बादलीवर, शिडीवर, फावड्यावर, रश्श्याच्या डावावर. "माझ्या कानाकडे तेवढं येऊ नका," असं साइराकानने लग्नाच्या वर्षीच बजावलं होतं. बॅटरीवर त्याने चाकूच्या टोकाने हलकेच, उजव्या वरच्या कोपऱ्यात खूण घेतली होती. नवी बॅटरी मात्र अजून रुळली नव्हती. जनावर रुळल्याशिवाय त्याला खूण करत नाहीत.

ती रुळली नाही. ऑक्टोबरातल्या पहिल्या थंडीबरोबर ती दगावायला लागली. किदिरमिशने तिला मोज्यात घातलं, गरम रोट्यांच्या मधे ठेवलं, एक रात्र कोंबडीखाली ठेवून पाहिलं. कोंबडीने तीन दिवस अंडं दिलं नाही. शेवटी डावी काखच बरी पडली. पहाटेपासून आठपर्यंत फोन मोज्यासकट काखेत दाबून ठेवायचा.

यात एकच अडचण होती. इकडे वडीलधाऱ्यांना सलाम करायचा तर दोन्ही हात पुढे करावे लागतात. एक हात पुढे करणारा एकतर उद्धट असतो किंवा लुळा. किदिरमिश उद्धट नाही हे गावाला माहीत होतं, त्यामुळे आठवड्याभरात त्याचा डावा हात लुळा पडल्याचं नक्की झालं. शेजारीण हाडांचा रस्सा घेऊन आली. मशिदीतल्या मोल्लाने त्याच्या खांद्यावर फुंकर घातली आणि विचारलं, "काही फरक?"

"जरा ऊब वाटते," किदिरमिश म्हणाला. ते खरंच होतं.

साइराकानने आणखी एक उपाय सुचवला होता. फोनमधलं सिम काढून शेजाऱ्याच्या फोनमध्ये घालायचं; कचेरीला आकडा त्याच नंबरावरून हवा असे, फोन कोणाचाही चालला असता. पण त्याचं सिम जुन्या मापाचं, बिस्किटाएवढं होतं. आजच्या फोनसाठी ते कापावं लागणार. कापणारा जवळपास एकच माणूस होता. किदिरमिशने त्याला निरोप धाडला. उत्तर आलं, "सिम कापायची गरजच काय, अस्सल बॅटरी दिलीय ना."

महिनाअखेरीला आठ दिवस बुडाले होते, आणि तोलोमुशच्या नातवाच्या पायातला दोरा कापायचा समारंभ आला. मूल पहिली पावलं टाकायला लागलं की त्याच्या पायांत काळा-पांढरा दोरा बांधतात, गावातली पोरं धावत येतात, पहिला येईल त्याने दोरा कापायचा. मग मूल आयुष्यभर अडखळत नाही. किदिरमिश सकाळी आठला आकडा सांगायला गेला, आकडा गेला, "लिहिलं" आलं, आणि तो खुशीत बसने कोचकोरला पोचला. फोन काखेतच राहिला. परत येईपर्यंत थंड पडला तर उद्याचं काय, म्हणून त्याने तो काढलाच नाही.

तोलोमुश त्याला अंगणातच भेटला. हाताला चरबी, गाल लाल, पोट आधीपेक्षा पुढे.

"आला माझा आखिरतवाला. हाताचं काय ऐकतोय मी?"

"काही नाही, बॅटरी आहे."

"कसली बॅटरी?"

"तू दिलेली. थंडीत सांभाळावी लागते."

तोलोमुशने एकदा त्याच्या काखेकडे बघितलं. मग खूप मोठ्याने हसला आणि लोकांकडे वळून म्हणाला, "बघा, याला म्हणतात दोस्ताच्या वस्तूची कदर."

दोरा कापून झाला. मूल दोन पावलं टाकून एका म्हातारीच्या मांडीवर आपटलं, सगळ्यांनी दुआ म्हटली, आणि मंडळी आत जेवणाच्या दस्तरखानाभोवती बसली. तोलोमुशचा फोन सारखा वाजत होता. बाजारात टपरी असलेल्या माणसाचा फोन सणावारीही वाजतो. सहाव्यांदा वाजला तेव्हा त्याने तो खांदा आणि कानात धरला, दोन्ही हातांनी रश्श्याचा वाडगा किदिरमिशच्या गावाहून आलेल्या मोल्लापुढे केला, आणि फोन घसरून थेट वाडग्यात पडला. मोल्लाने दाढीवरचा रस्सा पुसला आणि अल्लाचे आभार मानले. फोन बुडाल्याबद्दल की आवाज थांबल्याबद्दल, ते कळलं नाही.

"अरे किदिरमिश," तोलोमुश चरबीचे हात वर धरून म्हणाला, "घे जरा. झाकण काढ, बॅटरी काढ, पुसून ठेव. माझे हात बघ."

किदिरमिशने फोन उचलला. आपल्याच फोनसारखा होता, त्यामुळे झाकण कुठे दाबायचं ते बोटांना ठाऊक होतं. बॅटरी सहज बाहेर आली. शेजारी पुठ्ठा वगैरे काही नव्हतं, अगदी मापाची होती. त्याने ती रुमालावर पालथी टिपली, मग उलटी केली.

उजव्या वरच्या कोपऱ्यात कानाचं टोक सरळ कापलेलं होतं. मागच्या कडेला खाच होती.

किदिरमिश तिच्याकडे बघत बसला. दुसऱ्याच्या कळपात आपलं मेंढरू ओळखू येतं तेव्हा पहिल्यांदा आनंद होतो, असं त्याचा बाप सांगायचा. राग नंतर येतो. तसंच झालं. आहे की जिवंत, असं पहिल्यांदा वाटलं. मग काखेतल्या मोज्याची आठवण झाली. कोंबडीची झाली. लोण्याची झाली.

अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं आहे. तीन साक्षीदार बोलवायचे, खूण दाखवायची आणि म्हणायचं, हे माझं. मग ते तुमचं होतं, आणि समोरचा माणूस मरेपर्यंत चोर होतो, त्याचा नातूही चोराचा नातू होतो. साक्षीदार शोधायला जायची गरज नव्हती. मोल्लाच पुढ्यात बसला होता, डाव्या-उजव्या बाजूला चाळीस माणसं.

त्याने मान वर केली. दस्तरखानापलीकडून तोलोमुश त्याच्याकडे बघत होता. चरबीचे हात अजून वर धरलेले होते, कोणीतरी बंदूक रोखल्यासारखे. ती बॅटरी कोणाची ते त्याला आत्ता आठवलं होतं.

किदिरमिशने बॅटरी आपल्या सदऱ्याला नीट पुसली. फोनमध्ये बसवली. झाकण लावलं आणि पडदा उजळेपर्यंत कळ दाबून धरली. चार काड्या आल्या, आणि त्या खऱ्या होत्या. मग तो उठला आणि त्याने फोन तोलोमुशपुढे केला, दोन्ही हातांनी. काखेतला मोजा निसटून सदऱ्याच्या आतून खाली पडला आणि टपकन सतरंजीवर वाजला.

"हात बरा झाला," मोल्ला म्हणाला. पुढचे बरेच महिने तो ही हकीकत सांगत होता.

मग मेंढीचं डोकं आलं. ते सगळ्यात मानाच्या पाहुण्यापुढे ठेवतात, आणि घरधन्याचा आखिरतचा दोस्त हजर असताना मान दुसऱ्या कोणाचा नसतो. किदिरमिशने चाकू घेतला. डोकं ज्याच्यापुढे येतं त्याने कान कापून लहान मुलांना द्यायचा, म्हणजे मुलं मोठ्यांचं ऐकतात. तीन-चार मुलं सवयीने सरकत जवळ आली. किदिरमिशने उजवा कान कापला. शिजून आकसला होता, तरी कोणाची तरी खाच त्यावर दिसत होती. त्याने तो ताटलीत ठेवला आणि म्हणाला, "तोलोमुशला द्या."

सगळे हसले. साठीला आलेल्या माणसाला कान. एक म्हातारा म्हणाला, "बरोबर आहे, आईचं कधी ऐकलं नाही याने."

तोलोमुश हसला नाही. त्याने कान उचलला, तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिला. कान तसा लवकर चावून होत नाही.

जेवणं झाल्यावर तो किदिरमिशच्या मागोमाग फाटकापर्यंत आला.

"माझी संपली होती," तो म्हणाला. "कंपनीने बनवणं सोडलंय. कुठेही मिळत नाही, शपथ. दिवसभर लोकांचे फोन, आणि माझाच फोन बंद पडला तर कोण येणार दुरुस्तीला? तुझं काय, दिवसातून एक आकडा."

"मागायची होतीस."

"मागितली असती तर दिली असतीस."

"दिली असती."

"म्हणूनच नाही मागितली. कितीदा मागायचं माणसाने? खोगीर आहे अजून माझ्याकडे."

किदिरमिशने फाटकाची कडी काढली.

"खूण खरवडणार होतो," तोलोमुश म्हणाला. "दोनदा चाकू घेतला. हात धजला नाही. तेवढा नीच नाही मी." मग त्याने फोनचं झाकण उघडलं आणि बॅटरी तळहातावर धरली. "घे. तुझी आहे."

"साक्षीदार कुठे आहेत?"

"कशाला साक्षीदार?"

"साक्षीशिवाय दुसऱ्याच्या घरातून वस्तू उचलली तर ती चोरी होते," किदिरमिश म्हणाला. "आपल्यात एक चोर पुरे."

बस चुकली होती. तो पायीच निघाला, पुढे एका गवताच्या ट्रकने त्याला घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी त्रेचाळीसवर होतं. फोनवर चार काड्या होत्या. त्याने काखेत धरला नव्हता. "त्रे—" एवढं गेलं. महिन्यातला नववा दिवस बुडाला.

"तुम्ही आणली का नाही?" साइराकानने विचारलं. तो काल आल्यापासून ती हे न विचारता थांबली होती. "सगळ्यांसमोर नाही, निदान फाटकापाशी?"

"निवाड्याच्या दिवशी मला त्याच्या बाजूने साक्ष द्यायचीय. जेवढं कमी माहीत असेल तेवढं बरं."

साइराकानने चुलीवरचा डाव उचलला. डावावरच्या खुणेवरून तिने नुसता अंगठा फिरवला.

नोव्हेंबरात कचेरीची गाडी आली. एका तरुण बाईने फळीच्या टोकाला खांब रोवला, त्यावर करड्या रंगाची पेटी बसवली, आणि पेटीवरचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला. आता ती पेटी दर तासाला आकडा पाठवणार होती. बाई चांगली होती. सही घेताना म्हणाली, "अनारकुलबाईंच्याही कानावर गेलंय. त्यांनी विचारलंय, तुमचा हात कसा आहे आता?"

"बरा आहे म्हणावं."

"त्या म्हणाल्या, बाबा, आता सकाळी चुकल्यासारखं होतं."

"त्यांना म्हणावं, लिहिलं," किदिरमिश म्हणाला.

बाई गेल्यावर तो पेटीपाशी थोडा वेळ उभा राहिला. चाकू खिशात होता. त्याने तो काढला नाही. पेटी त्याची नव्हती.

त्याच आठवड्यात बसवाल्याने तोलोमुशकडचं एक पार्सल आणून दिलं. चहाचा पत्र्याचा डबा होता, चिठ्ठी नव्हती. साइराकानने झाकण काढलं आणि डबा पालथा केला. बॅटऱ्या पडल्या. जाड, बारीक, लांब, एक तर चौकोनी. सगळ्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या. कोणत्याच बॅटरीवर खोटा कागद नव्हता. प्रत्येकीवर तिचं स्वतःचं नाव होतं.

"नऊ आहेत," ती म्हणाली.

जुन्या रिवाजात चोरलेल्या एका जनावरामागे नऊ भरून द्यावी लागत. हा रिवाज पाळलेला माणूस गावात कोणी पाहिलेला नव्हता. किदिरमिशने एक बॅटरी उचलून खिडकीपाशी नेली. कोपऱ्यात नुकतीच कोरलेली खूण होती. टोक सरळ कापलेलं, मागच्या कडेला खाच. त्याने दुसरी बघितली, तिसरी बघितली. असं करत तो नवव्या बॅटरीपर्यंत गेला.

"काय झालं?"

"डाव्या कानावर केलीय."

साइराकान जवळ आली. खूण नऊच्या नऊ बॅटऱ्यांवर डाव्या कोपऱ्यात होती. डाव्या कानावर खूण म्हणजे मेंढी नदीपलीकडच्या लोकांची.

"चाळीस वर्षांची दोस्ती," ती म्हणाली. "आणि दोन महिने ती बॅटरी रोज हातात होती त्याच्या."

"हं."

"परत पाठवा सगळ्या."

"असं नाही करत," किदिरमिश म्हणाला. दुसऱ्याच्या खुणेचं जनावर चुकून दाराशी आलं तर त्याला हाकलत नाहीत. मालक येईपर्यंत सांभाळतात. त्याने बॅटऱ्या एक-एक करून डब्यात ठेवल्या, झाकण लावलं आणि डबा खिडकीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता तो फळीवर गेला. पेटीचा दिवा लुकलुकत होता. पाणी एकेचाळीसवर होतं. त्याने तसं म्हटलं, थोडा वेळ थांबला आणि घरी आला.

रात्रीत खिडकीच्या काचेला आतून बर्फ धरला होता. किदिरमिशने डबा उचलला आणि चुलीजवळ नेऊन ठेवला, फार जवळ नाही.